केजच्या मुलांच्या चित्रात टोकदार डोंगर येतात कुठून?

दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, काठावर घर आणि नारळाचं झाड. महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेत दिसणारं हे चित्र बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्याला मात्र जुळत नाही. बालाघाटाच्या या भागात डोंगरांचे माथे बहुतेक सपाट असतात आणि झाडं म्हणाल तर बाभूळ, लिंब. मग मुलं न पाहिलेला डोंगर का काढतात?

मुलं चित्र कुठून शिकतात?

दीड-दोन वर्षांचं मूल रेघोट्या ओढतं. तीन-चार वर्षांचं झालं की डोक्यालाच हातपाय फुटलेला माणूस काढतं. हे टप्पे अनेक देशांत आढळले आहेत. पुढे मात्र वाटा बदलतात. अमेरिकेतले ब्रेंट आणि मार्जोरी विल्सन यांनी 1977 साली मांडलं, की मुलांची चित्रं मुख्यतः इतर चित्रांवरून येतात. म्हणजे शेजारच्या मुलाची वही, पुस्तकं, टीव्ही. टोकदार डोंगरही असाच वहीतून वहीत जातो.

'कला' म्हणजे काय, हे कोण ठरवतं?

केजमधलं मूल घरी रांगोळी पाहतं, पोळ्याला मातीचे बैल, नागपंचमीला काढलेला नाग, आजीने शिवलेली गोधडी पाहतं. पण यातलं काहीच सहसा 'चित्रकला' म्हणून ओळखलं जात नाही. ते सणाचं किंवा घरचं काम. कला म्हणजे कागद, रंगपेटी आणि स्पर्धेतला नंबर, असा समज मूल मोठ्यांकडूनच घेतं.

हा समज बदलू शकतो. वारली चित्रं पूर्वी प्रामुख्याने लग्नघरच्या भिंतीवर बायका काढत. 1970च्या दशकात ती कागदावर आली आणि जगभर पोहोचली. जिव्या सोमा म्हसे यांना 2011 साली पद्मश्री मिळाली.

ऊसतोड कुटुंबांतल्या मुलांचं काय?

बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबं दरवर्षी दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. अनेकांची लहान मुलंही सोबत असतात. त्यांचे कित्येक महिने फडात आणि कोपीत जातात. अशा मुलाने घर म्हणून कोपी काढली, तर ते त्याने पाहिलेलं घर आहे. तिथे कौलारू छप्पर आणि दोन खिडक्या हव्यात असं सांगितलं, की आपलं जगणं चित्रात येण्यासारखं नाही, हे मूल शिकतं.

मोठ्यांनी काय करावं?

- फळ्यावर नमुना काढून तोच उतरवायला लावू नये.
- 'हे काय काढलंस?' ऐवजी 'यात काय चाललंय, सांग' असं विचारावं.
- रांगोळी, मातीचे बैल, गोधडीचे तुकडे चित्रकलेच्या तासाला आणावेत.
- 'डोंगर काढ' म्हणण्याआधी मुलांना बाहेर नेऊन समोरचा डोंगर दाखवावा.