डबीवरचा अंक आणि डबीतले नाणे

न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्युमिझमॅटिक सोसायटीकडे अमेरिकेच्या आरंभकाळातील तांब्याच्या मोठ्या सेंटांचा एक नामांकित संग्रह आहे. पिट्सबर्गचे उद्योजक जॉर्ज क्लॅप यांनी तो १९४०च्या दशकात या संस्थेला दान दिला. पुढची कित्येक दशके प्रत्येक खाचेत नाणे होते, नाण्याशेजारी चिठ्ठी होती, आणि चिठ्ठीवरचे वर्ष व ठशाचा प्रकार त्या नाण्याशी तंतोतंत जुळत होता. मोजणीत एकही नाणे कमी भरत नव्हते. तरीही हा संग्रह लुटला गेला होता.

चोराने नाणी नुसती उचलली नव्हती, तर बदलली होती. उत्तम प्रतीचा सेंट काढून घ्यायचा आणि त्याच वर्षाचा, त्याच ठशाचा, पण अधिक झिजलेला किंवा डागाळलेला सेंट त्या जागी ठेवायचा, अशी ही रीत होती. चिठ्ठी वाचणाऱ्याला काही वावगे दिसण्याचे कारणच नव्हते. १९९०च्या सुमारास जुन्या छायाचित्रांवरचे बारीक ओरखडे आणि कडेवरचे टोचे ट्रेमधल्या नाण्यांशी ताडून पाहिले गेले, तेव्हा ही अदलाबदल उघडकीस आली. शंभराहून अधिक नाणी बदललेली होती. प्रकरण कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात गेले आणि निकाल संस्थेच्या बाजूने लागला. अदलाबदल करणारा माणूस तोवर हयात नव्हता. त्याचे नाव विल्यम हर्बर्ट शेल्डन.

आज जगभर नाण्याचा दर्जा सांगताना १ ते ७० असा अंक वापरला जातो. ती मोजपट्टी याच शेल्डनची आहे. अंकाखाली नेमके काय दडू शकते, हे त्याच्याइतके क्वचितच कुणाला ठाऊक असेल.

शेल्डन पेशाने मानसशास्त्रज्ञ होता. माणसाच्या देहयष्टीवरून त्याचा स्वभाव ओळखता येतो, असा त्याचा सिद्धान्त होता आणि त्यासाठी तो प्रत्येक शरीराला १ ते ७ या मापातले तीन आकडे देत असे. तो सिद्धान्त पुढे शास्त्रज्ञांनी टाकून दिला. नाण्यांचे आकडे मात्र टिकले. १९४९ साली त्याने आरंभीच्या अमेरिकन सेंटांवर ग्रंथ लिहिला आणि त्यात ही मोजपट्टी मांडली. जेमतेम ओळखू येणाऱ्या नाण्याला १ आणि टांकसाळीतून आत्ताच बाहेर पडल्यासारख्या निर्दोष नाण्याला ७०.

मुळात हा अंक दर्जाचा नसून किमतीचा होता, हे आज फारसे कुणाला माहीत नसते. शेल्डनने प्रत्येक प्रकारासाठी एक पायाभूत किंमत धरली. त्या किमतीला श्रेणीच्या अंकाने गुणले की बाजारभाव निघावा, अशी कल्पना होती. पायाभूत किंमत २ डॉलर आणि श्रेणी २० असेल, तर नाणे ४० डॉलरचे. मोठ्या सेंटांच्या त्या काळच्या बाजाराला हे गणित बरेचसे लागू पडत होते. थोड्याच वर्षांत उत्तम नाण्यांचे भाव इतके चढले की गुणाकार कोलमडला. हिशेब गेला आणि आकडा उरला. १९७७ साली अमेरिकन न्युमिझमॅटिक असोसिएशनने आपले श्रेणीमानक प्रसिद्ध केले, तेव्हा झिजलेल्या तांब्यासाठी बेतलेला हाच आकडा सोने, चांदी, निकेल अशा सगळ्या धातूंना चिकटला.

अंकाची गरज खरी होती, हेही सांगायला हवे. त्याआधी नाण्याचे वर्णन विशेषणांनी होत असे आणि विशेषणे विक्रेत्याच्या जिभेवर असत. विकायला काढलेले नाणे ‘अप्रतिम’, आणि तेच नाणे तोच व्यापारी परत घेताना ‘बरे’. टपालाने नाणी मागवणाऱ्या नवख्या संग्राहकाला या दोन शब्दांमधल्या अंतराची किंमत स्वतःच्या खिशातून मोजावी लागे. असोसिएशनच्या सेवेने १९७९ पासून नाणे तपासून, छायाचित्रासह श्रेणीचे प्रमाणपत्र द्यायला सुरुवात केली. त्यात एक उणीव होती. कागद वेगळा आणि नाणे वेगळे, त्यामुळे चांगल्या नाण्याचा कागद हलक्या नाण्यासोबत फिरवता येत असे.

ही फट बुजवली प्लास्टिकच्या डबीने. १९८६ साली काही अमेरिकन व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन पीसीजीएस ही सेवा सुरू केली आणि १९८७ मध्ये एनजीसी आली. अनेक परीक्षकांनी नाणे पाहायचे, अंक ठरवायचा आणि नाणे व चिठ्ठी दोन्ही एकाच पारदर्शक डबीत कायमची बंद करायची. डबी फोडल्याशिवाय नाणे बाहेर येत नाही. या डबीला तिकडे ‘स्लॅब’ म्हणतात. पीसीजीएसच्या जाळ्यातले व्यापारी डबीवरचा अंक पाहून, नाणे न पाहताच बोली लावू लागले. नाण्यांचा व्यवहार शेअरबाजारासारखा दूरध्वनीवर होऊ लागला.

हे वॉल स्ट्रीटच्या नजरेत भरले नसते तरच नवल. वित्तसंस्थांनी दुर्मीळ नाण्यांचे गुंतवणूक निधी काढले. एमएस-६५ म्हणजे चलनात कधीच न फिरलेल्या नाण्यांतली वरची श्रेणी. त्या श्रेणीचे साधे मॉर्गन डॉलर, जे हजारोंनी उपलब्ध होते, दुर्मीळ वस्तू म्हणून चढ्या भावाने विकले गेले. १९८९ मध्ये भाव शिगेला पोहोचले आणि नंतर कोसळले. नाणे हातात धरून पाहण्याची सवय ज्यांना कधी लागलीच नव्हती, त्यांच्याकडे डब्या उरल्या.

डबीवर अंक असताना नाणे पाहायचे कशासाठी, याचे उत्तर हाच मॉर्गन डॉलर देतो. १८७८ ते १९०४ आणि पुन्हा १९२१ मध्ये पाडलेले हे चांदीचे जाड नाणे. टांकसाळीतून ते हजार-हजारांच्या कापडी थैल्यांत भरून निघत असे आणि थैलीतच एकमेकांवर आपटत असे. त्यामुळे चलनात एक दिवसही न फिरलेल्या डॉलरवर टोचे असतात. आता एमएस-६५ची दोन नाणी शेजारी ठेवावीत. एकावरचा टोचा स्वातंत्र्यदेवतेच्या केसांत लपलेला, दुसऱ्यावरचा तिच्या गुळगुळीत गालावर मधोमध. खूण तेवढीच आहे. डोळा मात्र पहिल्यावर रेंगाळतो आणि दुसऱ्यावर अडखळतो.

उठावाचेही तसेच. सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीत १८८० ते १८८२ या काळात पाडलेल्या डॉलरवर गरुडाच्या छातीचे एकेक पीस मोजता येते. न्यू ऑर्लिन्सच्या १८९०च्या दशकातल्या कित्येक नाण्यांवर तीच छाती सपाट दिसते आणि देवतेच्या कानावरचे केस धूसर. ती झीज नसते. ठसा पुरेशा जोराने बसलेलाच नसतो. नवख्याला दोन्ही सारखेच वाटते.

झळाळी हा सगळ्यांत अवघड भाग. ठशाच्या दाबाखाली धातू मध्यापासून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेषा उमटतात. दिव्याखाली नाणे तिरपे करून फिरवले, की प्रकाशाचा पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो. आम्लात बुडवून ‘स्वच्छ’ केलेल्या नाण्यावर या रेषा विरतात. नाणे पांढरे दिसते, पण मेलेले दिसते. पुष्कळ संग्राहक अशा पांढऱ्या नाण्यालाच भुलतात, आणि वर्षानुवर्षे कागदी पाकिटात पडून राहिल्याने निळसर-सोनेरी छटा चढलेले अस्सल नाणे मळके म्हणून बाजूला सारतात. यापेक्षा मोठी चूक या छंदात क्वचितच होत असेल. अर्थात, छटा रसायनांनीही चढवता येतात, म्हणून तिथेही डोळा लागतोच.

एवढे सगळे एका अंकात मावत नाही. शिवाय अंक हे मत असते, तेही एका दिवसाचे. परीक्षकाच्या टेबलावरून दिवसाला शेकडो नाणी जातात. एमएस-६४ आणि एमएस-६५ यांच्या सीमेवरचे नाणे आज इकडे, उद्या तिकडे. भावातला फरक मात्र कित्येक पट असू शकतो. म्हणून डब्या फोडून तेच नाणे पुनःपुन्हा परीक्षणाला पाठवण्याचा एक धंदाच उभा राहिला. वरचा अंक मिळाला की थांबायचे. कोणत्या श्रेणीची किती नाणी तपासली गेली, याचे तक्ते परीक्षण संस्था प्रसिद्ध करतात. एकच नाणे त्यांत अनेकदा मोजले गेले, आणि एकूण बाजारात अंक हळूहळू सैलावत गेले.

भारतीय इतिहासाच्या वाचकाला ही गोष्ट अनोळखी वाटू नये. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नाण्यांची पारख करणारा ‘रूपदर्शक’ हा स्वतंत्र अधिकारी आहे. आहत नाण्यांच्या मागच्या बाजूला जे बारीक ठसे दिसतात, ते नाणे पुन्हा तपासल्याच्या खुणा असाव्यात, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. नाणे तेच राहते आणि त्यावर परीक्षकांच्या मतांची पुटे चढत जातात, ही रीत इतकी जुनी आहे.

खुणेने नाण्यावर मात केल्याचे उदाहरणही आपल्याकडे आहे. अठराव्या शतकातल्या बंगालमध्ये चालू राज्यवर्षाचा सिक्का रुपया पूर्ण किमतीला चाले. वर्ष जुने झाले की सराफ त्यावर बट्टा कापत. चांदी पूर्ण वजनाची असली, नाणे खणखणीत असले, तरी त्यावरचा आकडा शिळा झालेला असे. यावर ईस्ट इंडिया कंपनीने काढलेला तोडगा मजेशीर होता. शाह आलम बादशहाचे १९ वे राज्यवर्ष तिने नाण्यावर कायमचे गोठवले. त्यानंतर पुढच्या शतकातही ‘१९’ हाच आकडा असलेले रुपये पडत राहिले. आकडाच खोटा केला, तेव्हा बट्टा थांबला. बंगालचा सिक्का रुपया हाती आला, तर त्यावरचे वर्ष वाचून काळ ठरवण्याची घाई करू नये, ती याचसाठी.

अमेरिकेत उपाय उलट्या दिशेने आला. आकड्यावर आणखी एक खूण चढली. एनजीसीच्या संस्थापकांपैकी एक, जॉन अल्बानीज, यांनी २००७ मध्ये सीएसी ही संस्था काढली. डबी न फोडता आतले नाणे पाहायचे आणि ते आपल्या श्रेणीत भक्कम असेल, तर डबीवर हिरवा स्टिकर लावायचा. श्रेणीहून सरस असेल, तर सोनेरी. नाही पटले, तर काहीच लावायचे नाही. एकाच वर्षाच्या, एकाच अंकाच्या दोन डब्यांपैकी हिरवा स्टिकर असलेली बरीच महाग विकली जाऊ लागली. अंक पुरेसा नाही, ही बाजाराने दिलेली उघड कबुली होती. मग संग्राहक स्टिकर पाहून खरेदी करू लागले. २०२३ मध्ये याच वर्तुळातून नवी परीक्षण सेवा सुरू झाली आणि तिची स्वतःची डबी बाजारात आली.

डबीही अभेद्य राहिलेली नाही. २००८ साली दोन्ही मोठ्या संस्थांना आपल्या बनावट डब्यांविषयी इशारे द्यावे लागले. खोट्या डबीत खोटे नाणे आणि चिठ्ठीवर एका खऱ्या नाण्याचा क्रमांक. संकेतस्थळावर तो क्रमांक टाकला तर नोंद सापडे, वर्ष जुळे, श्रेणी जुळे. क्लॅपच्या ट्रेमधल्या चिठ्ठ्याही अशाच जुळत होत्या.

सर्वांत जुना आणि हट्टी प्रतिकार शेल्डनच्याच वारसांनी केला. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या अर्ली अमेरिकन कॉपर्स या मंडळाचे सदस्य मोठ्या सेंटांची श्रेणी स्वतः ठरवतात. आधी तपशील किती शिल्लक आहेत ते पाहायचे, मग गंज, खड्डे, ओरखडे यांसाठी गुण वजा करायचे आणि उरेल तो अंक. डबीवर ३० असलेले नाणे त्यांच्या हिशेबात २० किंवा त्याहून कमी भरणे नेहमीचेच. तांब्याच्या लिलावांच्या सूचीत म्हणून पुष्कळदा दोन अंक शेजारी छापलेले असतात, एक डबीचा आणि एक डोळ्याचा.

यांतले कितीतरी जण सेंट विकत घेतला की डबी फोडतात. नाणे मऊ कापडी अस्तराच्या छोट्या कागदी पाकिटात जाते. पाकिटावर हाताने वर्ष लिहायचे, मालकांची परंपरा लिहायची आणि ठशाचा प्रकार लिहायचा. मागच्या बाजूला कडेने ९४ बारीक तारे असलेला १७९४चा प्रसिद्ध सेंट असेल, तर पाकिटावर ‘एस-४८’ असे लिहिले जाते. त्यातला ‘एस’ शेल्डनचा.