एक द्वीपसमूह, दोन बंदरे

पॅसिफिक महासागरातील सामोआ द्वीपसमूहात भाषा एक, चालीरीती एक. राज्ये मात्र दोन. पूर्वेकडील तुतुइला बेट अमेरिकन नौदलाच्या अमलाखाली होते. पश्चिमेची मोठी बेटे न्यूझीलंडच्या सैन्याने १९१४ साली जर्मनांकडून घेतली होती. पागो पागो आणि आपिया या दोन बंदरांतील अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. शासनाच्या धोरणाने किती फरक पडतो, हे पाहू इच्छिणाऱ्यांनी १९१८ सालच्या इन्फ्ल्युएंझाच्या साथीत या दोन बंदरांचे काय झाले ते पाहावे, असे आम्हांस वाटते.

७ नोव्हेंबर १९१८ रोजी ऑकलंडहून निघालेले ‘टालून’ जहाज आपियास लागले. वाटेत फिजीला त्याच्यावर क्वारंटाइन लादण्यात आले होते. जहाजावर आजारी प्रवासी होते. तरीही त्यांना उतरू दिले गेले. न्यूझीलंड सरकारने आपल्याच प्रशासकाला, कर्नल रॉबर्ट लोगन यांना, आगाऊ इशारा दिला नव्हता. पुढील काही आठवड्यांत सुमारे ३८,००० लोकवस्तीतील ८,५०० माणसे दगावली. घरेच्या घरे अंथरुणाला खिळली. आजाऱ्याच्या तोंडात पाणी घालण्यास कोणी उरले नाही. गावोगावचे ‘मताई’, म्हणजे कुळप्रमुख, मोठ्या संख्येने गेले आणि त्यांच्याबरोबर पिढ्यान्‌पिढ्यांच्या मौखिक परंपराही गेल्या.

पागो पागोचे गव्हर्नर जॉन पॉयर यांच्यापाशी तरी कोणते औषध होते? रोगाचा विषाणू तेव्हा कोणासच ठाऊक नव्हता. त्यांनी दूरदेशीच्या बातम्या गांभीर्याने घेतल्या आणि बंदर रोखले. किनाऱ्यावर पहारा दिला तो सामोअन गावकऱ्यांनीच. आमच्या मते खरा भेद येथे आहे. दोघेही अधिकारी परके, दोघेही लष्करी शिस्तीचे, दोघांनाही लोकांनी निवडले नव्हते. पण एकाने शासित प्रजेला पहारेकरी मानले. तेथे या साथीने एकही बळी घेतला नाही.

पॉयर यांनी मदतही देऊ केली होती. लोगन यांनी ती स्वीकारली नाही. माणसे पटापट मरत असताना हा कोणता ताठा, ते आम्हांस आजही उमजत नाही.

१९१९ साली चौकशी आयोगाने प्रशासनाच्या हलगर्जीपणावर ठपका ठेवला. सामोअन लोकांच्या मनातील सल मात्र तेवढ्याने गेला नाही; १९२० च्या दशकातील ‘माउ’ या अहिंसक स्वातंत्र्यचळवळीस त्याने बळ दिले. १९६२ साली पश्चिम सामोआ स्वतंत्र झाला. जून २००२ मध्ये न्यूझीलंडच्या पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी आपियात येऊन ‘टालून’च्या प्रकरणाबद्दल क्षमा मागितली, तेव्हा त्या घटनेला ८३ वर्षे उलटली होती.