दिवसा सतत झोप का येते? अतिनिद्रेची कारणे

रात्री सात-आठ तास झोपूनही दिवसा डोळे मिटत असतील, तर त्याला अतिनिद्रा म्हणतात. घरचे मात्र त्याला आळस म्हणतात आणि खरी गडबड तिथेच होते.

आधी थकवा आणि झोप यातला फरक पाहा. थकलेल्या माणसाला आडवं व्हावंसं वाटतं, पण झोप लागेलच असं नाही. अतिनिद्रेत मात्र टीव्ही बघताना, बसमध्ये, अगदी बोलता बोलताही डोळा लागतो. हे मोजण्यासाठी डॉक्टर एपवर्थ ही प्रश्नावली वापरतात. त्यात 8 प्रसंग असतात आणि प्रत्येकाला 0 ते 3 गुण. बेरीज 10 च्या वर गेली, तर तपासणी करून घ्यावी.

सगळ्यात साधं कारण म्हणजे झोपच कमी होणं. रात्री एकपर्यंत रील्स बघून सहाला उठणाऱ्याने आजार शोधू नये. प्रौढांना रोज किमान 7 तास झोप लागते.

पण झोप पुरेशी असेल आणि घोरणंही असेल, तर स्लीप ॲप्नियाचा संशय घ्यावा. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट बंद होते. श्वास 10 सेकंद किंवा त्याहून जास्त थांबतो, रक्तातला ऑक्सिजन उतरतो आणि मेंदू क्षणभर जागा होतो. असं तासाला 30 वेळा किंवा जास्त झालं, तर आजार तीव्र समजतात. सकाळी यातलं काहीच आठवत नाही. घोरणाऱ्याला आपण ‘किती गाढ झोपलाय’ म्हणतो, पण त्याची झोप रात्रभर तुटत असते. वजन जास्त असलेल्यांना धोका अधिक, तरी सडपातळ माणसांनाही हा त्रास होतो. स्लीप स्टडी या तपासणीत निदान होतं आणि सीपॅप मशीनने बहुतेकांना चांगला फरक पडतो.

सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्या, थायरॉईड कमी असणं, नैराश्य, रात्रपाळी यांनीही झोप येते. नार्कोलेप्सी हा मेंदूचा आजार दुर्मिळ आहे. त्यात काहींचे हसताना अचानक गुडघे ढिले पडतात.

गाडी चालवताना एकदा जरी डुलकी लागली असेल, तर निदान होईपर्यंत गाडी चालवू नका. डॉक्टरांकडे जाताना तुमच्या खोलीत झोपणाऱ्या माणसाला सोबत न्या. तुमचं घोरणं आणि थांबलेला श्वास त्यानेच ऐकलेला असतो.