तापली की उघडणारी कुपी

थंडीत बरणीतले तूप थिजते आणि चुलीजवळ ठेवले की पातळ होते. मेदाचा हा साधा गुण कर्करोगाच्या गाठीत औषध सोडण्यासाठी वापरता येईल, ही कल्पना कशी सुचली आणि पुढे तिचे काय झाले, ते पाहू.

१९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळ बाब्राहम येथे अॅलेक बँगहॅम फॉस्फोलिपिड या मेदद्रव्यांचा अभ्यास करीत होते. पेशीचे आवरण मुख्यतः याच द्रव्यांचे असते. त्यांच्या रेणूचे डोके पाण्याकडे ओढ घेते, तर दोन शेपट्या पाणी टाळतात. त्यामुळे पाण्यात त्यांचे दुहेरी थरांचे बंद गोळे आपोआप बनतात. हे गोळे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसले आणि १९६४-६५ मध्ये त्यावरील लेख प्रसिद्ध झाले. पुढे या गोळ्यांना लायपोसोम हे नाव मिळाले. गोळ्याच्या पोटात पाणी राहते, म्हणजे पाण्यात विरघळलेले औषधही राहू शकते. औषधाची ही सूक्ष्म कुपीच म्हणा ना!

अशा कुपीची गरज होतीच. डॉक्सोरुबिसिनसारखे औषध कर्कपेशींना मारते, पण हृदयाच्या स्नायूलाही इजा करते. कुपीत बंद केले तर ही इजा कमी होते. मात्र गाठीजवळ पोचल्यावर कुपी उघडायची कशी?

अमेरिकेत मिल्टन यॅटविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये उत्तर सुचवले : उष्णतेने. डीपीपीसी या फॉस्फोलिपिडाचा थर सुमारे ४१ अंश सेल्सिअसला घट्ट अवस्थेतून पातळ होतो. शरीराचे तापमान ३७ अंश, म्हणजे अंतर अवघे चार अंशांचे. थर वितळू लागला की काही भाग घट्ट, काही पातळ असे ठिगळासारखे होते आणि त्यांच्या सांध्यांतून औषध झिरपते. पुढच्याच वर्षी उंदरांवर प्रयोग झाले. तापवलेल्या गाठींत न तापवलेल्यांपेक्षा चौपटीहून अधिक औषध पोचले.

अडचण वेगाची होती. रक्त गाठीतून काही सेकंदांत निघून जाते, कुपी मात्र सावकाश गळत होती. ड्यूक विद्यापीठातील डेव्हिड नीडहॅम यांनी थरात एकच शेपटी असलेले थोडे रेणू मिसळले. मग ४० अंशांच्या आसपास काही सेकंदांतच औषध बाहेर पडू लागले. २००० मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. याच कुपीचे औषध पुढे थर्मोडॉक्स या नावाने ओळखले गेले.

खरी कसोटी रुग्णांवर होती. यकृताच्या कर्करोगाच्या ७०१ रुग्णांच्या चाचणीत गाठी सुईने तापवण्यात आल्या. जानेवारी २०१३ मध्ये निकाल लागला : नुसत्या तापवण्यापेक्षा औषधासह तापवल्याने रोग अधिक काळ थोपला नाही. आकडे चाळताना असे दिसले, की ज्यांची गाठ ४५ मिनिटे किंवा अधिक तापवली, त्यांना लाभ झाला असावा. पण निकालानंतर निवडलेल्या गटातील लाभ ही फक्त सूचना असते. म्हणून ५५६ रुग्णांची नवी चाचणी घेतली. २०२० मध्ये तिच्यातूनही यश मिळण्याची आशा उरली नाही.

दरम्यान, २०१८ मध्ये ऑक्सफर्डच्या गटाने यकृतात गाठी असलेल्या १० रुग्णांवरील काम प्रसिद्ध केले. शरीराबाहेरून केंद्रित केलेल्या श्राव्यातीत ध्वनीने गाठ तापवली, तेव्हा तीतील औषधाचे प्रमाण सरासरी ३.७ पट झाले. म्हणजे कुपी उघडते, याबद्दल शंका नाही.

पण औषध पोचले का आणि रुग्ण अधिक जगला का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याला १० रुग्ण पुरले, दुसऱ्याला शेकडो लागले. असे का, हा प्रश्न विद्यार्थ्यांना जरूर विचारावा.