मणक्याला मार लागला, पुढचं आयुष्य कसं चालतं? मावळातल्या ओट्यापासून खडकीपर्यंत

लोणावळ्याहून सुटलेली लोकल मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव, तळेगाव करत तासा-सव्वा तासात खडकीला येते. खडकीच्या लष्करी भागात १९७४ पासून एक संस्था आहे, पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर. मणक्याला इजा होऊन कमरेखालची किंवा मानेखालची हालचाल गेलेले सैनिक तिथे राहतात. काही तोंडात ब्रश धरून चित्रं काढतात, काही व्हीलचेअरवरून खेळतात. त्याच लोकलच्या वाटेवर, मावळातल्या एखाद्या गावात, तशीच इजा झालेला शेतकरी किंवा टेम्पोचालक घरातल्या खाटेवर पडून असतो. दोघांची इजा सारखी असू शकते, आयुष्यं मात्र अगदी वेगळी होतात. हा फरक पडतो कशामुळे?

त्यासाठी आधी इजा समजून घ्यायला हवी. पाठीच्या कण्यातल्या मणक्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू खाली येतो. करंगळीएवढ्या जाडीचा हा दोर मेंदूचे हुकूम खाली नेतो आणि शरीराच्या खबरा वर आणतो. मणका मोडला तर हाड पुन्हा जुळतं, मज्जारज्जू मात्र सहसा जुळत नाही. मार कुठे बसला यावर पुढचं सगळं ठरतं. छाती-कमरेच्या भागात बसला तर पाय जातात, हात राहतात. मानेत बसला तर हातही जातात आणि मानेत अगदी वर बसला तर श्वासासाठीसुद्धा यंत्र लागू शकतं. रज्जू पूर्ण तुटला नसेल तर काही ताकद परत येते, आणि जे परत यायचं ते बहुतेक पहिल्या सहा महिने ते वर्षभरात येतं. पहिले काही आठवडे शरीर सुन्न धक्क्यात असतं, त्यामुळे तेव्हाच कुणी "कायमचं गेलं" किंवा "महिन्यात चालायला लागेल" असं ठामपणे सांगत असेल तर दोन्ही घाईचं आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दीड कोटीहून अधिक लोक अशी इजा घेऊन जगत आहेत. मावळात तिची कारणं शोधायला लांब जावं लागत नाही. द्रुतगती मार्ग आणि जुना हायवे इथूनच जातात. लोहगड, विसापूर, तिकोना, तुंग हे किल्ले आहेत. पावसाळ्यात निसरड्या कड्यांवर गर्दी असते. कामशेतला पॅराग्लायडिंग चालतं. धरणाच्या किंवा नदीच्या उथळ पाण्यात डोक्यावर सूर मारणं हे मान मोडायचं ठरलेलं कारण आहे, कारण डोकं तळाला आपटतं आणि सगळा भार मानेवर येतो. यात शेतात झाडावरून पडणं आणि बांधकामाच्या परांचीवरून कोसळणं मिळवा.

इथे एक गोष्ट थांबून सांगण्यासारखी आहे. पडलेल्या माणसाला दोघांनी काखेत आणि पायांत धरून उचलायचं, दुचाकीवर मधे बसवायचं आणि दवाखाना गाठायचा, ही आपली सवय. मोडलेला मणका त्यामुळे रज्जूत घुसू शकतो आणि वाचू शकली असती ती ताकदही जाऊ शकते. लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र आणि त्यांच्यासारखी बचाव पथकं जखमीला स्ट्रेचरवर बांधून डोंगर उतरवतात, त्यात वेळ जातो तो याचसाठी. पथक किंवा १०८ ची रुग्णवाहिका येईपर्यंत श्वास चालू आहे ना ते पाहायचं, डोकं-मान-धड एका रेषेत ठेवायचं, पाणी पाजायचं नाही. आग, पाणी किंवा वाहनांचा धोका असेल तरच हलवायचं, आणि तेही तिघा-चौघांनी मिळून ओंडका वळवतात तसं, एकाच वेळी.

पाय गेल्याने माणूस मरत नाही

दुसऱ्या महायुद्धापूर्वी अशी इजा झालेले बहुतेक जण काही महिन्यांत, फार तर दोन-तीन वर्षांत जात. जीव घ्यायच्या त्या जखमा आणि लघवीचा संसर्ग. १९४४ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल इथे डॉ. लुडविग गटमन यांनी मणक्याच्या रुग्णांसाठी वेगळा विभाग सुरू केला. दर दोन तासांनी रुग्णाला कूस बदलून द्यायची, मूत्राशय काटेकोरपणे रिकामं करायचं आणि माणसाला कामाला, खेळाला लावायचं, ही त्यांची पद्धत. १९४८ मध्ये त्यांनी व्हीलचेअरवरच्या रुग्णांच्या स्पर्धा भरवल्या, त्यातूनच पुढे पॅरालिंपिक उभं राहिलं.

त्या पॅरालिंपिकमध्ये भारताला पहिलं सुवर्णपदक मिळवून देणारा माणूस आपल्या सांगली जिल्ह्यातला. पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्यात बॉक्सर होते. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, एक मणक्यात रुतली. व्यायाम म्हणून सुरू झालेल्या पोहण्याने त्यांना १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गला नेलं. तिथे ५० मीटर फ्रीस्टाईल त्यांनी ३७.३३ सेकंदांत, जागतिक विक्रमासह जिंकली. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं. 'चंदू चँपियन' हा चित्रपट २०२४ मध्ये आला तेव्हा अनेकांनी त्यांचं नाव पहिल्यांदा ऐकलं.

त्याच १९७२ साली अमेरिकेत डॉ. जॅक लॅपिडस यांनी एक साधी गोष्ट मांडली, जिने पदकापेक्षा जास्त लोकांचे जीव वाचवले. लघवीची नळी चोवीस तास आत ठेवण्याऐवजी रुग्णाने स्वतः दिवसातून चार ते सहा वेळा स्वच्छ नळी घालून मूत्राशय रिकामं करावं आणि नळी काढून टाकावी. मूत्राशयात साधारण चार-पाचशे मिलीलीटरपेक्षा जास्त साठू द्यायचं नाही, कारण तुंबलेली लघवी मागे मूत्रपिंडांवर दाब देते. हात चालत असतील तर हे तंत्र रुग्ण स्वतः शिकतो. ज्याचे हात चालत नाहीत त्याच्या घरातल्या माणसाला शिकवता येतं. अनेकांना हे कुणी शिकवलेलंच नसतं. रुग्णालयातून घरी येताना पिशवी लावलेली असते आणि ती पुढे वर्षानुवर्षं तशीच राहते.

शौचाचंही तसंच. ताबा गेलेला असला तरी आतड्याला वेळेची सवय लावता येते. रोज एकाच वेळी, चहा-नाश्त्यानंतर अर्ध्या तासाने बसायचं, कारण खाल्ल्यावर आतडं आपोआप हलतं. लागेल तिथे गुदद्वारात ठेवायची गोळी किंवा हातमोजा घालून बोटाने चालना. ऐकायला ओशाळं वाटतं, पण हे बसलं की माणूस लग्नाला, बाजाराला, कामाला निर्धास्त जातो. नाही बसलं तर तो घराबाहेर पडणंच सोडतो.

आणि त्वचा. आपण खुर्चीत नकळत सारखे सरकत असतो, कारण बूड दुखतं. ज्याला दुखतच नाही तो सरकत नाही, आणि काही तासांत हाडावरच्या त्वचेचं रक्त थांबतं. सुरुवातीला फक्त लाल डाग दिसतो. तो दाबून पांढरा झाला नाही, भार काढल्यावरही गेला नाही, तर त्या जागेवर वजन टाकायचं नाही. दुर्लक्ष झालं तर जखम हाडापर्यंत जाते आणि भरायला महिने लागतात. खुर्चीत दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर अंग उचलायचं किंवा पुढे-बाजूला झुकायचं, झोपेत कूस बदलायची, आणि रोज रात्री आरशात किंवा मोबाईलच्या कॅमेऱ्यात माकडहाड, बूड, टाचा बघायच्या. अनेक घरांत मायेने रबराची रिंग किंवा ट्यूब बसायला देतात. ती देऊ नये, तिच्या कडेवर दाब पडून रक्तपुरवठा उलट कमी होतो. कढत पाण्याची पिशवी, मांडीवरचा चहाचा कप, शेकोटीजवळचे पाय यांनी भाजलेलंही कळत नाही.

ओटा, पाऊस आणि उतार

पुस्तकातली ही काळजी मावळात आणली की तिला इथलं हवामान आडवं येतं. लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. चार महिने गादी दमट, कपडे ओलसर. ओलसर त्वचा लवकर फाटते. थंडी-ओलाव्याने पायांतले झटके वाढल्याचं अनेक जण सांगतात. झटका म्हणजे सुधारणा नव्हे, रज्जूचा खालचा भाग मेंदूच्या लगामाशिवाय वागतो त्याचं ते लक्षण. पण झटके अचानक वाढले तर कुठेतरी जखम, लघवीचा संसर्ग किंवा बद्धकोष्ठ नाही ना, हे आधी पाहावं.

पावसामुळेच इथल्या घरांचे ओटे उंच. व्हीलचेअरसाठी उताराचं साधं प्रमाण एकास बारा असं आहे, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. अडीच फुटी ओट्याला तीस फूट उतार लागतो. बहुतेक घरांपुढे एवढी जागा नसते, मग सहा फुटांची घसरगुंडी बांधली जाते. तिच्यावरून माणूस एकटा चढू शकत नाही आणि उतरताना पालथा होतो. त्यापेक्षा उतार दोन टप्प्यांत वळवून घ्यावा, किंवा शक्य असेल तर मागच्या अंगणाकडून, जिथे जमीन उंच आहे तिथून दार काढावं. डोंगरउतारावरच्या गावांत अशी बाजू पुष्कळदा सापडते. उंबरा काढणं, मोरीचं दार तीन फुटी करणं आणि कमोड बसवणं ही तीन कामं घरातल्या बाकी कुठल्याही दुरुस्तीच्या आधी व्हायला हवीत. दाराची रुंदी हा बारीक मुद्दा वाटतो, पण खुर्ची आत गेली नाही तर आंघोळीसाठी रोज कुणीतरी उचलावं लागतं, आणि उचलणारी बहुधा बायको किंवा आई असते. मग वर्षभरात तिचीही पाठ जाते.

दवाखान्यात ढकलायला असते तशी घडीची खुर्ची वीस किलोच्या आसपास भरते आणि शेणमातीच्या वाटेवर तिची पुढची छोटी चाकं रुततात. मापाची, हलकी खुर्ची आणि योग्य उशी ही चैन नाही.

छातीच्या वरच्या भागात (साधारण सहाव्या मणक्याच्या वर) इजा असलेल्यांना आणखी एक धोका असतो, आणि तो छोट्या दवाखान्यातही पटकन ओळखला जात नाही. अचानक डोकं फुटेलसं दुखणं, चेहरा लाल, इजेच्या वर घाम आणि रक्तदाब एकदम चढलेला. कारण बरेचदा क्षुल्लक असतं. तुंबलेली लघवीची नळी, कडक शौच, पायाखाली दबलेली वस्तू. अशा वेळी माणसाला आडवं न करता बसवायचं, कपडे सैल करायचे, नळी तपासायची आणि लगेच दवाखाना गाठायचा. उशीर झाला तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. हे चार ओळींत लिहून पाकिटात ठेवलेलं बरं.

दुखणं वेगळं, इजा वेगळी

पाठदुखी असलेल्या प्रत्येकाला हे सगळं लागू नाही. गादी सरकणं, संधिवात, वयाची झीज यांत रज्जू बहुधा शाबूत असतो. मणक्याचा क्षय मात्र रज्जूवर दाब आणू शकतो. महिनोनमहिने पाठदुखी, संध्याकाळचा ताप, वजन घटणं अशी लक्षणं असतील तर तपासणी करावी, औषधं सरकारी यंत्रणेत मोफत मिळतात. आणि पाठदुखीसोबत लघवी अडली, बसण्याच्या जागेला बधिरपणा आला किंवा दोन्ही पायांतली ताकद जाऊ लागली तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

लोणावळ्यात १९२४ पासून कैवल्यधाम आहे, स्वामी कुवलयानंदांनी सुरू केलेलं. त्यामुळे इथे कुणाला काही झालं की "योगाने बरं होईल" हे ओघाने येतं. योगाने श्वास, ताठर स्नायू आणि झोप यांना मदत होते, तुटलेला रज्जू जुळत नाही. मोडलेल्या मणक्यावर डॉक्टरांना न विचारता आसनं करू नयेत. स्टेम सेलच्या जाहिरातींबाबत तर जास्तच सावध राहावं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांपलीकडे हे उपचार मान्य नाहीत, चाचणीत करायचे तर रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत. जमीन विकून उभे केलेले लाखो रुपये अशा इंजेक्शनांत गेले की खुर्ची, उशी आणि नळ्यांना काही उरत नाही.

खडकीचं केंद्र मुळात सैनिकांसाठी आहे. इतरांसाठी मुंबईतली निना फाउंडेशन काम करते, पॅराग्लायडिंगच्या अपघातात मणक्याला इजा झालेल्या डॉ. केतना मेहता यांनी ती सुरू केली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही इजा चलनविषयक दिव्यांगत्वात मोडते. त्यासाठी यूडीआयडी कार्ड लागतं. अर्ज ऑनलाइन होतो, तपासणीला सरकारी रुग्णालयात जावं लागतं. कार्डावर संजय गांधी निराधार योजनेचं मासिक अनुदान, एडिप योजनेतून खुर्ची आणि रेल्वे-एसटीच्या सवलती यांसाठी अर्ज करता येतो. तपासणीची तारीख मिळाली की गाडी, उचलायला दोन माणसं, जादा नळी आणि बसायची उशी यांची सोय आदल्या दिवशी करून ठेवावी, कारण रांगेत अर्धा दिवस जातो आणि तेवढा वेळ लाकडी बाकावर बसून काढला तर घरी जखम घेऊन यावं लागतं.