बाबांचा कागद, लंडनचा लिलाव आणि आपली पॉलिसी

आजचा भाग जरा घरगुती आहे. मी मूळचा साखरखेर्ड्याचा, सिंदखेड राजा तालुक्यातला. गेल्या महिन्यात गावी गेलो होतो. सोयाबीन पाण्यात गेलेलं, रब्बीच्या पेरणीला चाळीसेक हजार हवे होते. बाबांनी लोखंडी पेटीतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक कागद काढला. माझ्या नावाची विमा पॉलिसी, 2010 सालची. म्हणाले, "मोडून टाक. कागद काय वावरात पेरता येते?"

मोडायची की ठेवायची? आकडे बघण्याआधी मी सवयीप्रमाणे इतिहासात घुसलो. आणि सुरुवात थेट गावातूनच झाली.

11 ऑक्टोबर 1724. आमच्या साखरखेर्ड्याच्या रानात निजाम-उल-मुल्क आणि हैदराबादचा सुभेदार मुबारिजखान यांची लढाई झाली. मुबारिजखान पडला, निजाम जिंकला, आणि हैदराबादच्या आसफजाही राज्याचा पाया इथे घातला गेला. निजामाने गावाचं नाव फतेहखेर्डा केलं. (आम्ही अजून साखरखेर्डाच म्हणतो, ते सोडा.) मला यातली वेगळीच गोष्ट रोचक वाटते. हा माणूस 1722 मध्ये दिल्लीचा वजीर झाला होता. बादशाहीतलं एवढं मोठं पद! पण दरबारात आपलं काही चालत नाही हे कळल्यावर त्याने दख्खनची वाट धरली. आजवर किती घातलं यापेक्षा इथून पुढे काय मिळणार, हा हिशोब त्याने केला. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

आता लंडनला जाऊ. 1844 साल. अमेरिकेतला एलिझर राइट नावाचा माणूस तिथे आला होता. गणिताचा माणूस, आणि गुलामगिरीविरुद्धचा कार्यकर्ता. रॉयल एक्स्चेंजमध्ये त्याला एक लिलाव दिसला. म्हातारी माणसं उभी, आणि बोली लागत होती त्यांच्या विमा पॉलिसींवर. वर्षानुवर्षं हप्ते भरले, आता भरणं जमत नाही, आणि भरलेले पैसे परत देण्याचं बंधन कंपनीवर नाही. मग पॉलिसी विकायची. घेणारा पुढचे हप्ते भरणार आणि म्हातारा कधी मरतो याची वाट बघणार. राइटला आपल्याकडचे गुलामांचे लिलाव आठवले.

तो परत गेला आणि या प्रश्नाच्या मागेच लागला. 1858 मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याचा विमा आयुक्त झाला. हप्ता चुकला म्हणून सगळे पैसे कंपनीने गिळायचे नाहीत, असा कायदा तिथे 1861 मध्ये झाला. 1880 मध्ये रोख परताव्याचाही हक्क आला. आपण ज्याला 'सरेंडर व्हॅल्यू' म्हणतो, ती अशी भांडून मिळालेली आहे.

आपल्याकडे हा हक्क 1938 च्या विमा कायद्यात आला. सलग तीन वर्षं हप्ते भरले की पॉलिसीला सरेंडर व्हॅल्यू. पण कंपन्याच बुडाल्या तर? तेही होत होतं. 19 जानेवारी 1956 ला अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख, आपले सी. डी. देशमुख, यांनी आकाशवाणीवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. लहानमोठ्या 245 संस्था ताब्यात घेतल्या गेल्या आणि 1 सप्टेंबर 1956 ला एलआयसी उभी राहिली. तीन वर्षांची अट पुढे दोनवर आली. 1 ऑक्टोबर 2024 पासूनच्या नव्या नियमांत तर पहिल्या वर्षाचा पूर्ण हप्ता भरला असेल तरी काही रक्कम मिळू शकते.

आता बाबांच्या कागदाकडे. विमा रक्कम 2 लाख, मुदत 25 वर्षं, वर्षाला हप्ता 8,000. 15 हप्ते भरले, म्हणजे 1,20,000 गेले. चौकशी केली तर आज मोडल्यावर साधारण 1,10,000. पंधरा वर्षांनी भरलेलेही पूर्ण परत नाहीत! कारण पहिल्या वर्षाच्या हप्त्यातला मोठा वाटा एजंटच्या कमिशनमध्ये जातो. कायद्यानेच ती मर्यादा 35 टक्क्यांपर्यंत होती. शिवाय विम्याचं संरक्षण आणि कारभाराचा खर्च. एजंटने तेव्हा "दुप्पट-तिप्पट होईल" एवढंच सांगितलं होतं.

दुसरा पर्याय पेड-अप. हप्ते थांबवायचे, पॉलिसी ठेवायची. 25 पैकी 15 हप्ते, म्हणजे विमा रक्कम 2 लाखांची 1,20,000 होते. जमा झालेला बोनस तसाच राहतो, नवा मिळत नाही. पैसे मात्र 2035 मध्येच.

तिसरा, चालू ठेवणं. अजून 80,000 भरायचे. बोनस आतासारखाच राहिला तर 2035 ला चार लाखांच्या थोडं वर. बोनसची हमी नसते, हे विसरू नका.

आणि इथे मला धक्का बसला. 2010 पासून हिशोब केला तर ही पॉलिसी वर्षाला जेमतेम 5 टक्के देते. म्हणजे घेतली तेव्हा चुकलंच. पण ते पैसे गेले. आजपासून हिशोब केला, म्हणजे हातात येणारे 1,10,000 आणि पुढचे हप्ते दुसरीकडे ठेवले, तर तेवढीच रक्कम व्हायला वर्षाला 9 टक्क्यांच्या वर परतावा लागतो. तेवढा बँकेच्या एफडीत मिळत नाही. निजामाचाच प्रश्न, फक्त उत्तर उलटं आलं.

हेच तुमची पॉलिसी दोन-तीन वर्षांची असेल तर बहुतेक वेळा वेगळं येईल. पुढे वीस वर्षं कमी परताव्यात अडकण्यापेक्षा तोटा सोसून बाहेर पडणं परवडू शकतं. म्हणून मित्राचं उत्तर उचलू नका. शाखेत जा, सरेंडर आणि पेड-अप दोन्ही आकडे लेखी घ्या. आणि विमा हवाच असेल तर आधी टर्म पॉलिसी काढा, मग जुनी मोडा.

पेरणीचं काय? पॉलिसीवर कर्ज मिळतं, सरेंडर व्हॅल्यूच्या 90 टक्क्यांपर्यंत. आम्ही 40,000 घेतले. व्याज आहे, आणि ते तुंबू दिलं तर पॉलिसीच खाऊन टाकतं. म्हणून ते मी दर सहा महिन्यांनी भरणार.

बाबांनी कागद परत पिशवीत गुंडाळला. म्हणाले, "म्हंजे मी अगदीच येडा नव्हतो ना?"

"घेताना थोडे होते," मी म्हणालो, "पण पंधरा वर्षं हप्ता चुकवला नाही, ते शहाणपणाचं."

ते हसले. हरभरा पेरून झालाय. भेटू पुढच्या भागात!