सन १७४९ : जन्म, वारस आणि गणती

शाहू छत्रपतींचे निधन १५ डिसेंबर १७४९ रोजी साताऱ्यास झाले, असे आपले इतिहासग्रंथ सांगतात. तिथी मार्गशीर्ष वद्य तृतीया, शके १६७१, शुक्ल संवत्सर, वार शुक्रवार. आज जगभर चालणाऱ्या ग्रेगरियन गणनेने पाहिले तर त्या १५ डिसेंबरला सोमवार येतो आणि पक्षही शुद्ध निघतो. शुक्रवार आणि वद्य तृतीया दोन्ही जुळतात ती २६ डिसेंबरला. यात चूक कोणाची नाही. इंग्रज १७५२ पर्यंत जुने ज्युलियन पंचांग पाळत होते, ते अकरा दिवसांनी मागे होते, आणि मराठ्यांच्या इतिहासातल्या तिथींना इंग्रजी तारखा बसवताना आपल्या अभ्यासकांनी त्या काळापुरते तेच धरले.

एका वर्षाचा अभ्यास करायला बसणाऱ्याला ही अडचण आधी निस्तरावी लागते. आंबूरच्या लढाईची तारीख फ्रेंचांच्या लेखी ३ ऑगस्ट १७४९, इंग्रजांच्या लेखी २३ जुलै. फ्रेंच गणिती लाप्लास २३ मार्च १७४९ रोजी जन्मला. पण इंग्लंडात त्या दिवशी १२ मार्च होता आणि तिथले वर्ष २५ मार्चला बदलत असल्यामुळे सनही अजून १७४८ चाच चालू होता. इंग्लंडातल्या बर्कलीला एडवर्ड जेन्नर जन्मला तो १७ मेला. पॅरिसच्या विज्ञान अकादमीत क्लेरोने चंद्राच्या गतीविषयीचे आपले आधीचे मत मागे घेतले तेही १७ मेलाच. तारीख एकच असली तरी या दोन दिवसांत अकरा दिवसांचे अंतर आहे. पेशव्यांच्या दफ्तरात तर वर्ष मृगाला सुरू होई. १७४९ च्या मृगापासून पुढचा सुहूर सन खमसैन मया व अलफ, म्हणजे ११५०. तेव्हा ‘१७४९ साली जगात काय घडले’ हा प्रश्न त्या साली जगणाऱ्या बहुतेकांना विचारताच आला नसता. ही चौकट आपली आहे, हे मान्य करूनच तिच्यात शिरायचे.

अशा वर्षाची टिपणे करताना दोन रकाने पाडण्याची पद्धत आहे : एकात घटना, दुसऱ्यात जन्म. घटनांत राजे मरतात, लढाया होतात. जन्मांत पुढे मोठी झालेली माणसे येतात. १७४९ च्या बाबतीत ही विभागणी दिशाभूल करते असे माझे मत आहे. त्या वर्षीच्या मोठ्या घटना उलगडून पाहिल्या की त्यांच्या मुळाशी कुणाचा तरी जन्म, किंवा न झालेला जन्म, सापडतो.

साताऱ्यापासूनच पाहू. शाहू छत्रपती १७०७ मध्ये मोगलांच्या कैदेतून सुटले आणि १७०८ च्या जानेवारीत त्यांना राज्याभिषेक झाला. चार दशकांहून अधिक काळ त्यांनी गादी सांभाळली. पेशवे, भोसले, दाभाडे, गायकवाड, शिंदे, होळकर हा सारा विस्तार त्यांच्या छत्राखाली वाढला. पण मागे मुलगा नव्हता. राजाच्या अखेरच्या दुखण्यात साताऱ्यात जो ताण निर्माण झाला तो या एका अभावाचा. कोल्हापूरच्या संभाजीराजांना आणायचे, की आणखी कुणाला मांडीवर घ्यायचे? राणी सकवारबाईंचा कल एकीकडे, दरबारी दुसरीकडे. त्यात शाहूंच्या वृद्ध चुलती ताराबाई पुढे आल्या आणि म्हणाल्या की आपला नातू हयात आहे. पन्हाळ्यावर आपण कैदेत असताना मुलाला, म्हणजे दुसऱ्या शिवाजीला, हा पुत्र झाला. दगाफटका होऊ नये म्हणून त्याला गुपचूप बाहेर काढून पानगावला वाढवले. तोच रामराजा.

पुरावा काय होता? ज्योतिष्याने मांडलेले, दहा जणांनी पाहिलेले टिपण असते तर लपवाछपवी साधलीच नसती. एका आजीच्या साक्षीवर एवढे मोठे राज्य उभे राहिले. शाहू महाराजांनी स्वहस्ते लिहिलेल्या आज्ञांनी राज्याचा कारभार पेशवे बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेबांकडे सोपवला होता आणि कोल्हापूरकरांना गादीवर आणू नये असे बजावले होते. महाराज गेले, सकवारबाई सती गेल्या, आणि १७५० च्या जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात रामराजा गादीवर बसला. वर्ष संपायच्या आत ताराबाईंनी त्यालाच साताऱ्याच्या किल्ल्यात अटकेत टाकले आणि हा आपला नातू नव्हेच असे सांगू लागल्या. ताराबाईंची कोणती साक्ष खरी, यावर मी इथे कौल देत नाही. मला महत्त्वाचे वाटते ते असे की त्या व्यवस्थेत जन्म ही वस्तुस्थिती नसून दावा होता, आणि तो मांडणाऱ्याच्या ताकदीवर टिकायचा किंवा पडायचा. अशी पोकळ झालेली गादी कारभाऱ्याला आवर घालू शकत नाही. सत्ता साताऱ्याहून पुण्याला गेली, याचे श्रेय नानासाहेबांच्या कर्तबगारीला आहेच. पण संशयित वारसाचा वाटाही मी तितकाच मोठा मानतो.

दक्षिणेकडे हेच चित्र दिसते. निजामुल्मुल्क जून १७४८ मध्ये वारला. त्याचा मुलगा नासिरजंग आणि मुलीचा मुलगा मुजफ्फरजंग यांच्यात वाद पेटला : गादी मुलाची की नातवाची? मुजफ्फरजंगाला साथीदार मिळाला तो चंदासाहेब, अर्काटच्या जुन्या नवाबाचा, दोस्तअलीचा जावई. १७४१ मध्ये रघूजी भोसले आणि फत्तेसिंह भोसले यांनी त्रिचनापल्ली घेतली तेव्हा हा मराठ्यांच्या हाती पडला होता, आणि १७४८ मध्ये दंडाची रक्कम ठरून सुटेपर्यंत त्याचा मुक्काम मराठ्यांच्या कैदेत होता. नातू आणि जावई अशा दोघांच्या पाठीशी पाँडिचेरीचा फ्रेंच गव्हर्नर डुप्ले उभा राहिला. आंबूरला अर्काटचा तेव्हाचा नवाब अन्वरुद्दीन मारला गेला. त्याचा मुलगा महंमदअली त्रिचनापल्लीला निसटला आणि पुढे इंग्रजांच्या आश्रयाला गेला. मूठभर कवायती फौज घेऊन वारसाहक्काच्या भांडणात उतरायचे आणि मोबदल्यात मुलूख मिळवायचा, हा धडा युरोपीय कंपन्यांनी या एका मोसमात गिरवला.

तंजावरच्या भोसल्यांची कथा आपल्याकडे फार कमी सांगितली जाते, ती या मालिकेतलीच आहे. गादीवर बसलेला प्रतापसिंह हा तुकोजीचा औरस मुलगा नव्हे, असा विरोधकांचा आक्षेप होता. पदच्युत सयाजीने इंग्रजांना बोलावले आणि बदल्यात देवीकोट्टईचा किल्ला देऊ केला. इंग्रजांनी १७४९ मध्ये तो जिंकला. तरुण रॉबर्ट क्लाइव्ह त्या मोहिमेत होता. किल्ला हाती येताच त्यांनी प्रतापसिंहाशीच समेट केला आणि सयाजीचा हक्क वाऱ्यावर सोडला. मराठी बोलणाऱ्या एका राजघराण्यातल्या जन्माच्या वादातून इंग्रजांना किल्ला मिळतो, आणि ज्याच्या नावाने तो मागितला त्याला काहीच मिळत नाही. सतराशे एकोणपन्नासचा सारा नमुना या लहानशा प्रकरणात आहे.

युरोपातला तह याला पूरक ठरला. १७४८ च्या एक्स-ला-शापेलच्या तहात फ्रान्सने मद्रास परत केले आणि अमेरिकेतला लुईबर्ग किल्ला घेतला. लुईबर्गला शह द्यायला इंग्रजांनी १७४९ मध्ये हॅलिफॅक्स वसवले. वसवणारा एडवर्ड कॉर्नवॉलिस; पुढे हिंदुस्थानात गव्हर्नर जनरल होऊन आलेला लॉर्ड कॉर्नवॉलिस त्याचा पुतण्या.

आता याच वर्षातली एक घटना अशी, की जिला लढायांच्या यादीत जागा मिळत नाही आणि मला ती सर्वांत मोठी वाटते. स्वीडनने १७४९ मध्ये राष्ट्रभर लोकसंख्येची तक्ते-व्यवस्था सुरू केली. गावोगावच्या पाद्र्यांनी चर्चच्या नोंदवह्यांवरून ठरावीक नमुन्यात भरून पाठवायचे : मुले किती, मुली किती, मेले किती, कोणत्या वयात, कशाने. आजचे फिनलंडही तेव्हा त्या राज्यात होते. हाती आलेला लोकसंख्येचा आकडा अपेक्षेपेक्षा इतका कमी निघाला की सुरुवातीला तो गुपित ठेवला गेला. पण तक्ते भरले जातच राहिले. १७५१ मध्ये त्यांवरून हिशेब मांडला गेला की बाळंतपणात दगावलेल्या ६५१ बायकांपैकी निदान ४०० तरी पुरेशा सुइणी असत्या तर वाचल्या असत्या.

हा विचार किती नवा होता, हे साताऱ्याशेजारी ठेवून पाहावे. तिथे एका जन्मावर राज्य टांगलेले आणि त्या जन्माला कागद नाही. इथे शेतमजुराच्या मुलीचाही जन्म सरकारी तक्त्यात एक म्हणून मोजला गेला, आणि तिच्या आईचा मृत्यू टाळता आला असता का, असा प्रश्न राज्याने स्वतःला विचारला. यात स्वीडनचे राजे दयाळू आणि आपले कठोर असा भाग नाही; त्या राज्याला माणसे हवी होती, सैन्याला आणि शेतीला. हेतू कोरडा असला तरी मोजणीने बाळंतीण दिसू लागली, ही गोष्ट खरी.

नामवंतांचे जन्म मी मुद्दाम शेवटी घेतो आहे, कारण त्या साली ते नामवंत नव्हते. फ्रेंच राज्यक्रांतीतला वक्ता मिराबो, इंग्रज संसदपटू चार्ल्स जेम्स फॉक्स, मोझार्टला संगीतिका लिहून देणारा दा पॉन्ते हे सगळे १७४९ चे. यांच्या जन्माने त्या वर्षी काहीही बदलले नाही. बदल झाला तो तीस-चाळीस वर्षांनी. म्हणून यांना त्या वर्षाची घटना म्हणणे शास्त्राला धरून नाही. अपवाद एकच, आणि तो लक्षात ठेवण्याजोगा. २८ ऑगस्टला फ्रँकफुर्टमध्ये भर दुपारी गटे जन्मला तो मेल्यातच जमा होता. सुईण अनाडी होती, असे त्याने स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे. आजोबा टेक्स्टोर शहराचे प्रमुख न्यायाधिकारी. नातवावरचा हा प्रसंग पाहून त्यांनी शहरात प्रसूतीचा जाणकार नेमवला आणि सुइणींच्या शिक्षणाची सोय केली. कवी म्हणून गटे फार पुढचा. बाळ म्हणून मात्र त्याने त्याच काळात फ्रँकफुर्टच्या इतर आयांचे भले केले.

जेन्नरला लहानपणी देवी टोचली होती ती जुन्या पद्धतीने, खऱ्या देवीच्या पुवाने. गायीच्या देवीची लस त्याने १७९६ मध्ये वापरून पाहिली आणि १४ जून १८०२ रोजी ती मुंबईत एका तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली; हिंदुस्थानातली ती पहिली. लाप्लासने तर जन्मच गणितात आणले. काही निवडक भागांत लोकसंख्या आणि वार्षिक जन्म मोजून त्याने प्रमाण काढले, सुमारे २८ माणसांमागे वर्षाला एक जन्म, आणि देशभरातल्या जन्मांच्या संख्येवरून फ्रान्सची लोकसंख्या अनुमानली. वर चूक किती असू शकेल तेही सांगितले. स्वीडनच्या पाद्र्यांनी जे एकेक करून मोजले, ते नमुन्यावरून मोजण्याची वाट त्याच वर्षी जन्मलेल्या माणसाने दाखवली.

राहिली एमिली द्यु शातले. न्यूटनच्या ‘प्रिन्सिपिया’चे फ्रेंच भाषांतर आणि त्यावरचे भाष्य ती काही वर्षे करत होती; आकडेमोड तपासायला क्लेरो होता. १७४९ मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी, तिला दिवस गेले. या वयातले बाळंतपण आपल्याला झेपणार नाही अशी भीती तिला होती, म्हणून ती रात्री जागवून काम उरकत राहिली आणि अखेर हस्तलिखित तिने राजाच्या ग्रंथालयात सुरक्षित ठेवायला पाठवले. ४ सप्टेंबरला ल्युनेविलमध्ये तिला मुलगी झाली. १० सप्टेंबरला ती गेली. मुलगीही लहानपणीच वारली. १७४९ च्या जन्मांच्या कुठल्याच यादीत ती नसते. भाषांतर छापून पूर्ण झाले १७५९ मध्ये, ज्या साली हॅलेचा धूमकेतू क्लेरोने वर्तवलेल्या मुदतीच्या महिनाभर आधी सूर्याला वळसा घालून गेला.